रजेचं कारण : पायदुखी



लग्नासाठी मुलगी बघायला गेलो होतो, तेव्हा तिच्या आजीनं विचारलं, "मुलगा कंपनीत काय करतो?" आमचे काका म्हणाले, "माणसं बघतो." आजी जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे इथंही तेच करायला आलाय."

भोसरीच्या एका कारखान्यात मी 31 वर्षं माणसं बघितली. लागलो तेव्हा दारावर 'लेबर ऑफिसर' अशी पाटी होती. पुढे 'पर्सोनेल' झालं, शेवटी 'एचआर'. पाटी रंगवणारा पेंटर मात्र एकच. टेबलही तेच, आणि टेबलावरचे दोन ढीगही तेच. एक कँटीनच्या तक्रारींचा, दुसरा रजेच्या अर्जांचा.

कँटीनचं थोडक्यात सांगतो. 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये तेव्हा अडीचशेच्या वर कामगार असले की कँटीन यायचं. कँटीन आलं की कमिटी आली. आमच्या कमिटीतला एक मेंबर क्वालिटीत होता. तो एकदा थेट व्हर्नियर घेऊनच आला आणि माझ्या टेबलावर बटाटेवडा मोजला. "करार झाला तेव्हा साठ मिलिमीटर होता साहेब, आज बावन्न." कंत्राटदार म्हणाला, "तळताना आटतो." दीड तास चर्चा झाली. अखेर इतिवृत्तात नोंद झाली, की व्यास तळल्यानंतरचा धरावा. खाली दोन्ही बाजूंच्या सह्या. मोजलेला वडा तोवर कुणी खाल्ला, याची नोंद नाही.

पण खरी मजा रजेच्या अर्जात. आमच्या मशिनशॉपमध्ये एक जण होता, त्याला सगळे माऊलीच म्हणायचे. एका वर्षी ज्येष्ठ संपत आला आणि माऊलीचा अर्ज आला. कारण : पायदुखी. सोबत डॉक्टरांचा दाखला, तीन आठवडे विश्रांती. मी मंजुरीचा शेरा मारला.

तुकोबांची पालखी देहूहून निघाली की आकुर्डीला मुक्काम करते. आमचे प्लँट मॅनेजर दर्शनाला गेले, तर समोर एका दिंडीत माऊली. गळ्यात टाळ, आणि फुगडी चाललेली. तिथून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. दुसऱ्या दिवशी साहेब माझ्यासमोर उभे. "हे पाय दुखतायत त्याचे?"

माऊली आषाढी करून परत आला, तो शोकॉज नोटीस हातात घेऊनच गेटातून आत आला. मग चार्जशीट, मग खात्यांतर्गत चौकशी. चौकशी अधिकारी म्हणून बाहेरचे एक वकील, कंपनीची बाजू मांडायला मी, माऊलीच्या बाजूनं युनियनचा सेक्रेटरी. प्लँट मॅनेजर साक्षीदार. त्यांनी फुगडीचं साग्रसंगीत वर्णन केलं. मग सेक्रेटरी उठला. "साहेब, हे आपण किती वाजता पाहिलंत?" "चारच्या सुमारास." "वार?" "वार... कामाचाच होता." "आपण त्या दिवशी रजेवर होतात की ड्युटीवर?" साक्षीदारानं पाणी मागितलं.

माऊलीची पाळी आली. तो म्हणाला, "पाय दुखत होते हे खरंच आहे साहेब. यवतपर्यंत दुखले. पुढं थांबले." आणि त्यानं पिशवीतून प्रसाद काढला. चुरमुरे, बत्तासे, बुक्क्याची पुडी. वकिलांनी दोन्ही हात पुढे केले. मीही घेतला, पंढरीच्या प्रसादाला नाही कोण म्हणणार? तेवढ्यात सेक्रेटरी लेखनिकाला म्हणाला, "लिहा. चौकशी अधिकारी आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी यांनी आरोपित कामगाराकडून प्रसाद स्वीकारला." ते वाक्य रेकॉर्डवर आहे. खोडायचं तर तिघांच्या सह्या लागल्या असत्या.

ताकीदपत्रावर भागलं. ते देताना मी माऊलीला बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, वारीला जायचंय म्हणून सरळ लिहा की! कोण नाही म्हणतंय?" तो म्हणाला, "मागं एकदा लिहिलं होतं. आधीच्या साहेबांनी विचारलं, पांडुरंगाचं बोलावणं लेखी आहे का?"

मी गप्प बसलो. आमच्या खात्यातली माणसं असं विचारतात, मीही कधीतरी विचारलं असेल.

मग त्याला बसवून हिशेब समजावला. वीस दिवस भरले की एक दिवस रजा, म्हणजे वर्षाला पंधराएक पडतात. वारीला अठरा-वीस लागतात. तेव्हा गेल्या वर्षीची शिल्लक पुढे ओढायची, आणि अर्ज किमान पंधरा दिवस आधी द्यायचा.

पुढच्या वर्षी माऊलीचा अर्ज वैशाखातच आला. चांगल्या अक्षरात, तारखांसह. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : 'पाय दुखणार आहेत.'

शिल्लक 22 दिवस होती. मी 19 मंजूर केले.