अंगठा कुठे टेकतो?



आज मी तुम्हाला दोन भोकांची गोष्ट सांगणार आहे. प्रत्येकी दोन मिलिमीटर रुंद आणि साधारण दीड सेंटिमीटर खोल. ती माझ्या भाचीच्या बास गिटारला आहेत आणि मी माझ्या हाताने, मोठ्या प्रेमाने, चुकीच्या जागी पाडलेली आहेत.

आधी थोडी ओळख. आम्ही भावंडं मूळची मिरजेची. मी नोएडात नोकरी करतो, ताई गुरुग्रामला असते. महिन्यातून दोन-तीनदा मी पाठीवर बास अडकवून मेट्रोने निघतो, राजीव चौकला निळी लाइन सोडून पिवळी पकडतो आणि ताईकडे जेवायला जातो. स्टेशनवर तपासणीच्या यंत्रात ती लांबलचक पिशवी आडवी टाकली, की तिथला जवान हमखास विचारतो, "गिटार है?" मी "हां जी" म्हणतो. बास म्हणजे काय, हे सांगत बसलो तर मागची रांग ओरडेल.

तुम्हाला मात्र सांगतो. गिटारला सहा तारा असतात, बासला बहुधा चार. त्या जाड आणि लांब असतात. सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. गाण्यात ती वेगळी ऐकू येईलच असं नाही, पण ती थांबली की घरातला पंखा बंद पडल्यासारखं वाटतं. आपल्या दिल्लीतला 'इंडियन ओशन' हा बँड १९९० सालचा. त्यात राहुल राम बास वाजवतात आणि गातातही. माझ्या भाचीने त्यांचा कार्यक्रम पाहिला आणि घरी येऊन म्हणाली, "मामा, मला तेच शिकायचंय." तेव्हा ती चौदा वर्षांची होती.

मामा खूश! जुना पण चांगला बास मिळवला, पूर्ण मापाचा. म्हणजे ब्रिजपासून वरच्या टोकाच्या नटपर्यंत तारेची लांबी ३४ इंच. मी शिकवायला सुरुवात केली, आणि पहिल्याच महिन्यात तिने प्रश्न विचारला, "मामा, अंगठा कुठे ठेवायचा?"

हा प्रश्न साधा वाटतो, पण तसा नाही. बास वाजवताना उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीने तार छेडतात. अंगठ्याला छेडायचं काम नसतं, पण तो अधांतरी राहिला तर सगळा हात डगमगतो. म्हणून बरेच जण तो पिकअपवर टेकवतात. पिकअप म्हणजे तारांखालची ती काळी पेटी, जी तारेचा कंप विजेत बदलते. अडचण अशी, की पिकअपची जागा कारखान्याने ठरवलेली असते. तार ब्रिजजवळ छेडली की आवाज कडक, टोकदार येतो. मानेकडे सरकून छेडली की गोल आणि भरदार. अंगठा पिकअपला बांधला, की आवाजही तिथेच बांधला जातो. यावरचा उपाय म्हणजे थंब रेस्ट, जाड तारेच्या वरच्या बाजूला बसवलेला लाकडाचा किंवा प्लास्टिकचा लहानसा टेकू.

मी ठरवलं, आपण स्वतः करू. कीर्तिनगरच्या लाकूड बाजारातून शिसमचा एक तुकडा आणला, चावडी बाजारातून तीन मिलिमीटरचे स्क्रू. पॉलिश पेपरने कडा गोल केल्या. दिवाळीच्या सुट्टीत ताईच्या बाल्कनीत बसलो, बास मांडीवर घेतला आणि माझा अंगठा जिथे टेकला तिथे पेन्सिलीने खूण केली.

लक्षात आलं का, मंडळी? बास भाचीचा, अंगठा माझा.

ड्रिलने भोकं पाडली, टेकू बसवला. दिसायला इतका सुंदर, की ताईने फोटो काढून घरच्या सगळ्यांना पाठवला. भाची म्हणाली, "मामा, मस्त!"

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की ती सरावाची टाळाटाळ करते आहे. कधी परीक्षा, कधी डोकं दुखतंय. मी रागावलो. "अगं, हौस होती ना तुला?" ती गप्प. शेवटी ताईनेच पाहिलं, की ती उजव्या हाताने पाण्याची बाटली उघडत नाही, डाव्या हाताने उघडते. विचारल्यावर रडायलाच लागली. मनगट दोन महिने दुखत होतं.

फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्या बाईंनी एक शहाणपणाची गोष्ट केली. म्हणाल्या, "वाद्य घेऊन या." भाची वाजवायला लागली. बाईंनी मिनिटभर पाहिलं आणि माझ्या त्या सुंदर शिसमच्या तुकड्यावर बोट ठेवून विचारलं, "ये यहाँ क्यों है?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

झालं होतं असं. माझी बोटं लांब, तिची आखूड. माझ्या हिशोबाने टेकू जाड तारेपासून बराच वर होता आणि उंचही होता. त्यावर अंगठा ठेवून सगळ्यात खालच्या बारीक तारेपर्यंत पोचायचं, तर तिला मनगट जवळजवळ काटकोनात वाकवावं लागे. मनगट असं वाकलेलं ठेवून बोटं चालवत राहिलं, की बोटांकडे जाणाऱ्या शिरा ज्या अरुंद बोगद्यातून जातात, तिथला दाब वाढतो. रोज तासभर, सहा महिने! आणि ती बोलली का नाही? तर मामाने इतक्या प्रेमाने बसवलंय, त्याला वाईट वाटेल म्हणून.

मनगटापेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं.

बाईंनी तीन आठवडे वाजवणं बंद करायला सांगितलं. त्या तीन आठवड्यांत मी या टेकूचा इतिहास वाचला, आणि गंमत म्हणजे माझी चूक मला तिथेही भेटली. १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बास' बाजारात आणला. खांद्यावर पट्ट्याने अडकवायचा हा बास हळूहळू जगभर पोचला. त्याला एक टेकू होता, पण तो खालच्या बाजूला, सगळ्यात बारीक तारेच्या पलीकडे. का? कारण गृहीत असं, की वाजवणारा चार बोटं त्या टेकूत अडकवेल आणि अंगठ्याने तार छेडेल. फेंडर स्वतः गिटार वाजवत नसत. माँक माँटगोमरींसारखे सुरुवातीचे वादक अंगठ्याने वाजवतही. पण पुढे बहुतेक वादकांनी बोटांनीच वाजवायचं ठरवलं. डेट्रॉइटचे जेम्स जेमर्सन तर नुसत्या तर्जनीने वाजवत. टेकू मात्र वर्षानुवर्षं जिथल्या तिथे. १९७०च्या दशकाच्या मध्यात कंपनीने तो वरच्या बाजूला, अंगठ्यासाठी आणला. वीसहून जास्त वर्षं तो वाद्यावर होता, पण बोटांनी वाजवणाऱ्यांच्या उपयोगाचा नव्हता.

आणि मला आठवली आमची मिरज. सतार आणि तंबोऱ्याचं गाव. दीडशेहून जास्त वर्षांची परंपरा. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आम्ही शाळेतून येताना सतारमेकरांच्या गल्लीतून यायचो. तिथे पुरुषांच्या आवाजासाठी मोठा तंबोरा करतात, बायकांच्या आवाजासाठी लहान. गळा कुणाचा, हे आधी. भोपळा केवढा, हे नंतर. आणि सतारीत उजवा अंगठा कुठे असतो? भोपळा आणि दांडी जुळते त्या कडेवर टेकलेला. त्याच्या आधाराने नखी घातलेली तर्जनी फिरते. म्हणजे अंगठ्याचा टेकू मी लहानपणापासून बघत होतो. हाताकडे बघायला मात्र विसरलो.

तीन आठवड्यांनी आम्ही नव्याने सुरुवात केली. कसं केलं ते नीट सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल.

पहिलं, पट्ट्याची उंची ठरवली. बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा बास छातीशी सारख्याच उंचीवर यायला हवा. नाहीतर बसून घेतलेलं माप उभं राहिल्यावर खोटं ठरतं.

दुसरं, भाचीला डोळे मिटायला सांगितले. हात बाजूला सैल सोडायचा, खांदा ढिला करायचा आणि मग सहज तारांवर आणायचा. अंगठा टेकेल तिथे मी कागदी टेपचा एक ठिपका लावला. असं दहा वेळा. दहापैकी आठ ठिपके रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पडले. माझ्या टेकूपासून ती जागा पाच सेंटिमीटर मानेकडे आणि जाड तारेच्या बरीच जवळ होती.

तिसरं, लाकडाला हात लावला नाही. पेन्सिल खोडायचा रबर कापला, खाली कागदी टेप लावून त्यावर दुहेरी चिकटपट्टीने तो बसवला. उंच वाटला की कापायचा, बुटका वाटला की खाली पुठ्ठा घालायचा. असे दोन आठवडे. शेवटी तिचं माप निघालं एक सेंटिमीटर उंची. माझं होतं दीड.

चौथी गोष्ट वाजवण्याची. अंगठा टेकूवर फक्त जाड तार वाजवताना ठेवायचा. बाकीच्या तीन तारा वाजवताना तो सरकून जाड तारेवरच येऊन बसतो. त्यामुळे मनगट सरळ राहतं आणि ती तार उगाच गुणगुणतही नाही. हे मी तिला पहिल्या महिन्यात शिकवायला हवं होतं.

आता स्क्रू. बसवायचेच असतील तर आधी पिकगार्डखाली पिकअपची किंवा वायरींची पोकळी नाही ना, ते बघा. ड्रिलच्या टोकाला हव्या त्या खोलीवर टेप गुंडाळा, म्हणजे भोक आरपार जाणार नाही. भोक स्क्रूपेक्षा बारीक असू द्या. वरचं पॉलिश जाड असेल तर ड्रिल आधी हलकेच उलटं फिरवा, म्हणजे टवका उडणार नाही. स्क्रूला थोडं मेण किंवा साबण लावा. आणि हे सगळं रबराचे दोन आठवडे झाल्यावरच.

आम्ही मात्र स्क्रू लावले नाहीत. भाची पंधरा वर्षांची, हात अजून वाढतोय. नवा टेकू दुहेरी चिकटपट्टीवरच आहे. जूनच्या उन्हाळ्यात एकदा तो सुटून खाली पडला, तेव्हा तिने स्वतःच परत लावला. मला न विचारता तो सेंटिमीटरभर सरकवून लावला! काढायचा झाला तर हेअर ड्रायरने कोमट करायचा आणि मागून दोरा ओढायचा. बासला जुन्या पद्धतीचं लॅकर पॉलिश असेल तर चिकटपट्टी फार दिवस ठेवू नका, डाग पडतो.

राहिली ती दोन भोकं. मी अगरबत्तीच्या बांबूच्या काड्या फेविकॉल लावून आत बसवल्या, वरून सपाट कापल्या. रंगही आणला होता. भाची म्हणाली, "राहू दे मामा. माझ्या लक्षात राहील."

"काय लक्षात राहील?"

"दुखलं की सांगायचं."

मंडळी, आपण मुलांना शिकवतो, त्यांच्यासाठी वस्तू आणतो, त्यांना आधार देतो. पण तो आपल्या मापाचा देतो, आणि तो टोचला तर सांगायची सोय ठेवत नाही. मी आता दर भेटीत बास हातात घेण्याआधी तिला विचारतो, "मनगट कसंय?" सुरुवातीला ती "बरंय" एवढंच म्हणायची. हल्ली सांगते, "आज डावा खांदा जड आहे, अर्धाच तास वाजवू." मग आम्ही अर्धाच तास वाजवतो.

गेल्या गणपतीत त्यांच्या सोसायटीच्या कार्यक्रमात ती चार गाणी वाजवायला उभी राहिली. मी पहिल्या रांगेत होतो आणि गाणं ऐकायचं सोडून तिच्या मनगटाकडे बघत होतो. सरळ होतं.