तान्ह्या आतड्याचे शिक्षण
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



तान्ह्या बाळाला जुलाब झाले की पहिला ठपका आईवर येतो. "तू काय खाल्लेस? दूध बाधले असेल!" नाही तर कोणी म्हणते, "दात येताहेत, चालायचेच." पहिल्या बोलण्यात आईवर अन्याय आहे आणि दुसऱ्यात बाळाला धोका आहे. म्हणून बाळाच्या पोटात खरोखर काय घडते, ते आज थोडक्यात सांगते.

लहान मुलांच्या तीव्र जुलाबांचे एक मोठे कारण म्हणजे रोटाव्हायरस हा विषाणू. १९७३ साली मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी बालकांच्या आतड्याचे सूक्ष्म तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून तपासले, तेव्हा तो दिसला. 'रोटा' म्हणजे लॅटिन भाषेत चाक. आकारावरून हे नाव पडले. हा विषाणू अत्यंत स्वच्छ घरांतही पोचतो. स्वच्छता हवीच, परंतु केवळ तिने तो अडत नाही.

लहान आतड्याच्या अस्तराला मखमलीच्या लवेसारखे सूक्ष्म अंकुर असतात. अन्नरस व पाणी शोषून घेणे हे त्यांचे काम. विषाणू नेमका अंकुरांच्या टोकांवरील पेशींत शिरतो. त्या पेशी झडतात, पाणी शोषले जात नाही आणि जुलाब सुरू होतात.

पण आतडे स्वस्थ बसत नाही. बाधित पेशी इंटरफेरॉन नावाची द्रव्ये सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. अस्तराखाली 'पायरचे पुंजके' नावाच्या जणू पोलीसचौक्याच आहेत. तेथे विषाणूची ओळख पटते. मग टी पेशी बाधित पेशींचा नाश करतात आणि बी पेशींच्या वंशातील पेशी 'आयजीए' ही प्रतिपिंडे तयार करतात. ही प्रतिपिंडे अस्तर ओलांडून आतड्याच्या पोकळीत उतरतात व विषाणूला दारातच धरतात. या तयारीला काही दिवस लागतात. तेवढ्या अवधीत अंगातले पाणी आटले, तर बाळ हातचे जाते. खरा घात होतो तो पाणी आटल्याने.

लढाई संपल्यावर काही पेशी शत्रूची आठवण जपतात. मेक्सिको शहरात २०० बालकांवर जन्मापासून दोन वर्षे लक्ष ठेवण्यात आले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले, की ज्यांना दोनदा हा संसर्ग होऊन गेला, त्यांना पुढे त्याचे तीव्र जुलाब झाले नाहीत. आतडे शिकते, भगिनींनो! फक्त पहिला धडा फार महाग पडतो.

तोच धडा स्वस्तात देते ती लस. ती तोंडावाटे पाजतात, कारण पहारेकरी आतड्यात आहेत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९८० च्या दशकात काही नवजात बालकांत एक सौम्य रोटाव्हायरस आढळला. डॉ. महाराज किशन भान व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी त्यापासून आपली देशी लस तयार झाली. दिल्ली, पुणे व वेल्लोर येथे ६,७९९ बालकांवर तिची चाचणी झाली. पहिल्या वर्षात तीव्र आजार सुमारे ५६ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे लस हे अभेद्य कवच नव्हे. पण निम्म्याहून अधिक संकट टळणे ही काय लहान गोष्ट आहे? २०१६ पासून रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात येऊ लागली आणि २०१९ मध्ये आपल्या महाराष्ट्रातही आली. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत ती विनामूल्य मिळते.

तेव्हा घरी जाताना तीन गोष्टी लक्षात ठेवून जा. लसीची तारीख चुकवू नका. जुलाब लागताच क्षारसंजीवनीची पुडी, तिच्यावर लिहिलेल्या मापाइतक्या स्वच्छ पाण्यात कालवून, चमच्याचमच्याने पाजा. आणि अंगावरचे दूध मुळीच तोडू नका. त्यातही आयजीए असतेच. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल मलूल झाले किंवा शौचातून रक्त पडले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठा.

आणि सासूबाईंनी सुनेला दोष देण्याऐवजी पुडी कालवायला घेतली, तर माझ्या बोलण्याचे सार्थक झाले असे मी समजेन.