पटकथेतल्या मोकळ्या जागा



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांच्या लॅपटॉपमध्ये एखाद्या लघुपटाची संहिता तयार असेल, आणि ती पडद्यावर आणण्यासाठी निर्मात्याचे उंबरठे झिजवण्याची गरज आता तितकी उरलेली नाही. 2024 च्या फेब्रुवारीत ओपनएआयने ‘सोरा’ हे व्हिडिओ तयार करणारं एआय साधन दाखवलं, 2025 च्या मे महिन्यात आलेलं गूगलचं ‘व्हिओ 3’ चित्रासोबत आवाजही तयार करू लागलं. चार ओळींचं वर्णन लिहिलं की काही सेकंदांचा शॉट मिळतो. अशी साधनं तुम्ही जरूर वापरावीत, या मताचा मी आहे. मात्र वापरताना एक ध्यानात असू द्या. संहितेत तुम्ही जे लिहायचं सोडलंत, ते हे यंत्र आपणहून भरतं; आणि त्याने जे सर्वांत जास्त वेळा पाहिलेलं असतं, त्यानेच भरतं.

‘पहाटे म्हातारी अंगणात तुळशीला पाणी घालते’ हे वाक्य घ्या. सेटवर एवढं पुरतं, कारण बाकीचं माणसं विचारून घेतात. कलादिग्दर्शक विचारतो, अंगण सारवलेलं की शहाबादी फरशीचं? वेशभूषा करणारी विचारते, लुगडं ठेवणीतलं की रोजचं विटलेलं, कपाळावर कुंकू की नुसतं गोंदण? तांब्या उचलताना म्हातारीचा हात गुडघ्यावर जातो, ते अभिनेत्रीने स्वतःहून आणलेलं असतं. यंत्र यातलं काहीही विचारत नाही. बहुधा ते एक देखणी म्हातारी देतं, सोनेरी उजेड, थोडं धुकं, मागे कुठल्याही प्रांतात खपेल असं खेडं. चित्र सुंदर असतं, म्हणूनच फसायला होतं. आपली म्हातारी त्यात नाही, हे कळायला ती आधी आपल्या डोळ्यांपुढे स्पष्ट असावी लागते. म्हणून या साधनांवर काम करणाऱ्याची संहिता नेहमीपेक्षा अधिक बारकाईने लिहिलेली हवी.

टोरंटोच्या ‘शाय किड्स’ या गटाने 2024 मध्ये सोरा वापरून ‘एअर हेड’ नावाचा लघुपट केला. डोक्याच्या जागी पिवळा फुगा असलेल्या माणसाची ही जेमतेम दीड मिनिटाची गोष्ट. करणाऱ्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितलं, की फुग्याचा रंग शॉटागणिक बदलायचा, नको असताना त्यावर चेहरा उमटायचा आणि तो संकलनाच्या टप्प्यावर पुसून काढावा लागायचा. पडद्यावर आलेल्या दृश्यांच्या सुमारे 300 पट दृश्यं तयार झाली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. तंत्र त्यानंतर बरंच सुधारलं, पुढेही सुधारेल. पण त्या ढिगातून नेमका कोणता तुकडा ठेवायचा, हे ठरवलं ते माणसांनी, आणि ते तुकडे एका गोष्टीत बांधणारं निवेदनही माणसाच्याच आवाजातलं आहे.

अशा कामाला सिनेमा म्हणू नये, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये वाटाण्याचं रोप उगवताना चौकट-चौकट टिपलं, डोळ्यांना कधीच न दिसणारी वाढ पडद्यावर दाखवली आणि त्या जोरावर ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळवलं. तंत्राची करामत आपल्या सिनेमाच्या मुळातच आहे.

दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. ही यंत्रं इतरांच्या कलाकृतींवर शिकली आहेत, बहुतेकदा त्यांना न विचारता. डिस्ने आणि युनिव्हर्सलने 2025 मध्ये मिडजर्नी या चित्रं बनवणाऱ्या एआय कंपनीवर याच कारणाने खटला भरला. शिवाय वर ज्यांचे प्रश्न सांगितले, त्याच माणसांच्या पोटावर पाय येतो. हॉलिवूडच्या लेखकांनी 2023 मध्ये 148 दिवस संप केला, तेव्हा कुठे यंत्राला लेखक मानलं जाणार नाही, हे करारात आलं. याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. पण यंत्र वापरलं म्हणून माणसं वगळायलाच हवीत, असं कुठे आहे? जिवंत कलावंताचं नाव देऊन त्याची शैली मागू नका. संवाद खऱ्या नटाकडून बोलून घ्या, त्याला पैसे द्या. तुमच्या म्हातारीचा चेहरा खोटा असला तरी तिची बोली त्या गावची असू द्या.

मोकळ्या जागा करारातही राहतात. ‘रांझणा’ या चित्रपटाच्या तमिळ आवृत्तीचा शेवट ऑगस्ट 2025 मध्ये एआय वापरून बदलला गेला आणि मेलेला नायक जिवंत झाला. हक्क निर्मिती कंपनीकडे होते; दिग्दर्शक आनंद एल. राय आणि अभिनेता धनुष यांना जाहीर निषेध करण्यापलीकडे फारसं काही करता आलं नाही. तेव्हा पहिल्या करारावर सही करण्याआधी तो शेवटच्या पानापर्यंत वाचा, आणि ‘लेखक-दिग्दर्शकाच्या लेखी संमतीशिवाय चित्रपटात यंत्राद्वारे बदल करू नये’ हे कलम मागून घ्या. समोरचा नाही म्हणाला, तरी मागा.