थरांचे लाकडी धनुष्य : सुरुवात बांबूच्या बेटातच
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कृषिविद्येचा व्याख्याता धनुष्यावर काय बोलणार, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडला असेल. बांबू लागवडीविषयी बोलताना आम्ही बहुधा रोपांतील अंतर, खते आणि काठ्यांची संख्या यांवरच थांबतो. परंतु काठीचा पुढे काय उपयोग होतो हे पाहिल्याशिवाय ती केव्हा तोडावी हे नीट उमगत नाही. बांबू आणि लाकडाचे थर चिकटवून केलेले लांब धनुष्य काठीच्या गुणवत्तेची फार कडक परीक्षा घेते. कोवळी किंवा ओली काठी कुंपणात खपून जाते, धनुष्यात खपत नाही.

२०२३ साली बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे यांनी सुवर्णपदके मिळवली. त्यांची कंपाउंड धनुष्ये कारखान्यात तयार होतात. गावातील मुलामुलींची सुरुवात मात्र अनेकदा बांबूच्या धनुष्याने होते. आपल्याकडील स्पर्धांतील इंडियन राउंड हा प्रकार याच धनुष्याने ३० आणि ५० मीटर अंतरावर खेळला जातो.

थर कशासाठी?

एखादी ओली फांदी वाकवून पाहा. बाहेरच्या बाजूची साल ताणली जाऊन फाटते आणि आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात. धनुष्यातही हेच घडते. नेम धरला असता लक्ष्याकडे असलेली बाजू म्हणजे धनुष्याची पाठ. तिच्यावर ताण येतो. आपल्याकडील बाजू म्हणजे पोट. त्यावर दाब येतो. मधल्या भागावर ताण आणि दाब दोन्ही कमी असतात, पण तेथे थर एकमेकांवरून सरकू पाहतात. म्हणून जोड पक्का लागतो.

इंग्लंडमधील यू या झाडात ही सोय निसर्गानेच केली आहे. बाहेरचे पांढरे लाकूड ताण सोसते, तर आतील लालसर गाभा दाब सोसतो. १५४५ साली बुडालेले मेरी रोझ हे इंग्रजांचे लढाऊ जहाज १९८२ साली वर काढण्यात आले. त्यावर यू लाकडाची शंभराहून अधिक धनुष्ये सापडली. जपानी कारागिरांनी वेगळा मार्ग धरला. पाठीला आणि पोटाला बांबू आणि मध्ये लाकडाच्या व बांबूच्या पट्ट्या जोडून ते दोन मीटरहून लांब यूमी धनुष्य करतात. एका लाकडात न मिळणारे गुण दोन-तीन थरांतून मिळवायचे, हेच थरांच्या धनुष्याचे तत्त्व आहे.

आपल्याकडे पाठीसाठी बांबू उत्तम. त्याचे बळकट तंतू बाहेरच्या सालीजवळ दाट असतात आणि आत विरळ होत जातात. पोटासाठी धामणीचे लाकूड घेता येते. कुऱ्हाडीचे दांडे आणि कावडी यांसाठी हे लवचीक लाकूड पूर्वीपासून वापरात आहे. आयुर्वेदात या झाडाला धन्वन म्हणतात. लाकूड अधिकृत वखारीतूनच घ्यावे. पट्टीचे तंतू टोकापासून टोकापर्यंत सरळ जाणारे हवेत.

काठीची निवड

बांबूची काठी एकाच हंगामात पूर्ण उंच होते, पण पक्व व्हायला तीन ते चार वर्षे घेते. अनेक शेतकरी उंची पाहून काठी तोडतात. यात दुहेरी नुकसान आहे. कोवळी काठी वाळताना आक्रसते व लवकर पोखरली जाते, आणि बेटाला नवे कोंब फोडण्याचे बळ देणारी काठीही जाते.

(१) पेरांवर कोश टिकून आहेत आणि अंगावर पांढरी भुकटी आहे, ती काठी एक वर्षाची समजावी. ती राखावी.
(२) कोश गळालेले, रंग फिका आणि सालीवर दगडफुलासारखे डाग, ही पक्व काठीची लक्षणे आहेत.
(३) तोड पावसाळा संपल्यानंतर, सर्वसाधारणपणे ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात करावी. कोंब फुटण्याच्या दिवसांत बेटात शिरू नये.
(४) जमिनीलगतच्या पहिल्या किंवा दुसऱ्या पेराच्या किंचित वर काप घ्यावा. खाली पोकळी राहिल्यास पाणी साचून कूज लागते.

स्वतःच्या शेतातील बांबू तोडण्यास पूर्वी परवान्याची अडचण होती. २०१७ साली भारतीय वन अधिनियमात बदल होऊन वनक्षेत्राबाहेरील बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यात आला.

पाठीच्या कामटीसाठी जाड भिंतीची आणि सुमारे १० सें.मी. व्यासाची काठी घ्यावी. अशा काठीतून ३ सें.मी. रुंद कामटी काढली तर तिचा उंचवटा सुमारे २ मि.मी. येतो. ५ सें.मी. व्यासाच्या काठीतून तो ५ मि.मी. येतो आणि कामटी फार गोल राहते. म्हणून माणवेलीपेक्षा कटांग या कामी सोयीचा पडतो. १० सें.मी. व्यासाच्या काठीचा घेर ३१ सें.मी. भरतो. दोन मीटर लांबीच्या तुकड्यातून ४ सें.मी. रुंदीच्या सात कामट्या निघू शकतात. फांदीच्या डोळ्याच्या आणि वाकड्या कामट्या बाजूला काढल्यावर चार हाती लागल्या तरी उत्तम.

वाळवणे

कामट्या दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवल्यास पिष्टाचा अंश कमी होतो आणि भुंगेऱ्यांचा उपद्रव घटतो. त्यानंतर त्या सावलीत, जमिनीपासून उंच मांडून वाळवाव्यात. दर आठ दिवसांनी एकच कामटी तोलून वजन लिहून ठेवावे. सलग तीन वेळा वजन तेवढेच भरले म्हणजे ती हवेशी समतोल झाली.

अचूक मोजणीसाठी लहान तुकडा प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये १०३ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत ठेवावा. समजा ५० ग्रॅमचा तुकडा ४६ ग्रॅम झाला, तर गेलेल्या ४ ग्रॅमला ४६ ने भागून ओलावा ८.७ टक्के येतो. ८ ते १० टक्के ओलावा योग्य आहे. जास्त असल्यास धनुष्य वाकडे राहते. फारच कमी असल्यास लाकूड ठिसूळ होऊन तडकते. कोकणात पावसाळी हवेत हा ओलावा गाठता येत नाही, म्हणून चिकटवण्याचे काम कोरड्या दिवसांत उरकावे. विदर्भात उन्हाळ्यात कामट्या पत्र्याखाली ठेवू नयेत.

जोडणी आणि तोल

प्रौढ माणसासाठी धनुष्याची लांबी १८० सें.मी., मुठीजवळ रुंदी ३ सें.मी. आणि टोकाशी सव्वा सें.मी. धरावी. कामटीची आतील बाजू रंध्याने सपाट करावी. बाहेरची साल फक्त खरवडावी. तंतू कापू नयेत आणि पेराचा उंचवटा सपाट करू नये. चिकटणारे पृष्ठभाग करवतीच्या पात्याने खरखरीत करून पुसून घ्यावेत. दोन्ही बाजूंना इपॉक्सी लावून दर ५ ते ७ सें.मी. अंतरावर शिकंजे लावावेत. शिकंजे नसल्यास सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या घट्ट गुंडाळल्या तरी चालते. शिकंजा अतिशय आवळल्यास गोंद बाहेर निघून जोड कोरडा राहतो. निदान २४ तास हात लावू नये.

यानंतरचे काम सर्वांत चिकाटीचे आहे. दोन्ही भुजा सारख्या वाकेपर्यंत पोटाकडील लाकूड थोडे थोडे खरवडायचे. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी दहा टक्के कमी केली तर ताठपणा सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. म्हणून चार हात मारावेत, दोरी वीस-तीस वेळा हळूहळू ओढावी आणि मगच पुन्हा पाहावे. भुजा जेथे जास्त वाकते तेथे पाते लावू नये. जेथे ताठ आहे तेथेच लावावे. शेवटी जवसाचे तेल द्यावे.

काळजी

ओढून पाहताना डोळ्यांवर चश्मा हवा आणि समोर कोणीही नसावे. बाण न लावता दोरी सोडू नये, कारण बाणाने न्यायची शक्ती धनुष्यातच राहून ते फुटू शकते. वापरानंतर दोरी उतरवून ठेवावी. मुलांना १० ते १२ किलोपेक्षा जास्त ओढीचे धनुष्य देऊ नये. हे साधन खेळासाठी आहे. वन्य प्राण्यांची शिकार हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे.

शेतकरी बंधूंनो, धनुष्ये विकून प्रत्येकाचा संसार चालेल असे मी म्हणणार नाही. हे कौशल्याचे काम आहे आणि पहिली काही धनुष्ये मोडतातच. मात्र काठीचे वय ओळखणे, वेळेवर तोड करणे आणि वजन करून वाळवणे या तीन गोष्टी फर्निचर, शिडी, टोपली या सर्वांनाच लागू आहेत. या हिवाळ्यात तोडीपूर्वी आपल्या बेटातील प्रत्येक काठीवर वर्षाप्रमाणे रंगाची खूण करा. नव्या काठ्या राखा, पक्व काठ्या वेगळ्या रचा आणि व्यापाऱ्याला त्या वेगळ्याच दाखवा. सरसकट मोजून दिलेल्या काठीला सरसकटच भाव मिळतो.