भूतकाळाच्या कसोटीवर हवामानाचे भाकीत



धरण बांधताना नदीला आजवर आलेल्या मोठ्या पुरांच्या नोंदी पाहिल्या जातात. पाणीपुरवठ्याची योजना आखताना मागील अनेक वर्षांच्या पर्जन्यमानाचे आकडे मांडले जातात. भविष्याचा अंदाज भूतकाळावरून बांधण्याची ही रीत शहाणपणाचीच आहे. अडचण एवढीच, की मानवाने मोजून ठेवलेला हा भूतकाळ फार तोकडा आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ साली झाली. वातावरणातील कार्बन डायऑक्साइड वायूचे सलग मोजमाप हवाई बेटावरील मौना लोआ येथे १९५८ पासून होऊ लागले. पृथ्वी आजच्याहून बरीच अधिक तापलेली असताना काय घडते, याचा एकही दाखला या नोंदवहीत नाही. मग पुढील शंभर वर्षांचे भाकीत कशाच्या आधारे तपासावयाचे?

याचे उत्तर निसर्गाच्याच दप्तरात आहे. अंटार्क्टिकावर वर्षानुवर्षे पडलेला हिम थरावर थर साचून गोठतो आणि त्या त्या काळातील हवेचे बुडबुडे त्यात बंदिस्त होतात. युरोपीय शास्त्रज्ञांनी तेथे तीन किलोमीटरहून अधिक खोल छिद्र घेऊन बर्फाचे स्तंभ बाहेर काढले. त्यांतून ८ लाख वर्षांच्या हवेचा इतिहास हाती आला. या संपूर्ण काळात हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे १८० ते ३०० भाग या मर्यादेत राहिले. २०२४ साली ते ४२० च्या पुढे गेलेले होते. समुद्रतळाच्या गाळातील सूक्ष्म जीवांची कवचे, वृक्षांच्या खोडातील वार्षिक वलये आणि गुहांतील चुनखडीचे स्तंभ हीदेखील अशीच विश्वसनीय दप्तरे होत.

या नोंदींचा उपयोग केवळ जिज्ञासा शमविण्यापुरता नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पृथ्वीचे तापमान अखेरीस किती वाढेल, हा हवामानशास्त्रातील मूलभूत प्रश्न आहे. १९७९ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या एका समितीने त्याचे उत्तर १.५ ते ४.५ अंश सेल्सिअस असे दिले होते. जवळजवळ चाळीस वर्षे ही रुंद मर्यादा फारशी आक्रसली नाही. २०२१ साली आंतरराष्ट्रीय हवामानबदल समितीने ती २.५ ते ४ अंशांवर आणली. यामागे जे पुरावे होते, त्यांत प्राचीन हवामानाच्या नोंदींचा वाटा महत्त्वाचा होता. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या परमावधीत, पृथ्वी औद्योगिक युगापूर्वीच्या मानाने ५ ते ७ अंशांनी थंड होती आणि समुद्राची पातळी आजच्याहून १२० मीटरहून अधिक खाली होती. त्या वेळच्या वायूंचे प्रमाण ठाऊक, तापमानही ठाऊक. उत्तर आधीच माहीत असलेले हे गणित प्रत्येक नव्या पद्धतीला सोडवावयास देता येते.

अशा परीक्षेचे एक बोलके उदाहरण आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय वातावरणीय संशोधन केंद्राच्या संगणकीय प्रतिमानाने दुप्पट कार्बन डायऑक्साइडसाठी ५ अंशांहून अधिक तापवाढ वर्तविली. विसाव्या शतकाचे हवामान त्याने उत्तम रीतीने जुळविले होते. त्यामुळे शंका घेण्यास वरवर कारण नव्हते. मात्र २०२० साली शास्त्रज्ञांनी त्याला सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या उष्ण युगाचे हवामान वर्तविण्यास लावले. तेव्हा उष्ण कटिबंधातील भूमीचे तापमान ५५ अंशांपलीकडे गेले. इतक्या उष्णतेत वनस्पती जगणे अशक्य; आणि त्या काळी तेथे अरण्ये होती, हे जीवाश्मांवरून सिद्ध आहे. हिमयुगाच्या परीक्षेत हेच प्रतिमान पुराव्यापेक्षा कितीतरी अधिक गारठले. दोष ढगांतील प्रक्रियांच्या मांडणीत आढळला. शंभर वर्षांच्या नोंदींना जो दोष दिसला नाही, तो प्राचीन काळाने दाखवून दिला.

भारताच्या दृष्टीने कळीचा प्रश्न मान्सूनचा आहे. छत्तीसगडमधील बस्तर भागातील दंडक गुहेत मिळालेल्या चुनखडीच्या स्तंभात इ. स. ६०० ते १५०० या काळातील पर्जन्याचे चढउतार वाचता आले आहेत. पावसाच्या पाण्यातील प्राणवायूच्या जड व हलक्या अणूंचे प्रमाण स्तंभाच्या थरांत उमटते, त्यावरून हे साधते. चौदाव्या शतकात व पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात मान्सून वारंवार दुबळा पडल्याचे त्यातून दिसते. दख्खनच्या स्मरणात राहिलेला दुर्गादेवीचा दुष्काळ याच काळातला. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या गाळातही पाणी आटल्यावर तयार होणारी क्षारखनिजे सापडली असून, सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीच्या प्रदीर्घ कोरड्या काळाची ती साक्ष देतात. तात्पर्य, दोन-तीन वर्षांचे अवर्षण ही आपत्तीची अखेरची सीमा नव्हे. जो मान्सून पूर्वी दशकानुदशके दुबळा राहू शकला, तो पुन्हा तसा राहणारच नाही, असे गृहीत धरून जलसाठ्यांची आखणी करणे धोक्याचे आहे.

अर्थात भूतकाळ जसाच्या तसा परत येत नाही. हिमयुग संपताना कार्बन डायऑक्साइडमध्ये सुमारे ८० भागांची वाढ होण्यास हजारो वर्षे लागली. १९५८ नंतर १०० भागांहून अधिक वाढ सात दशकांच्या आतच झाली. या वेगाला अलीकडच्या लाखो वर्षांत तोड नाही. म्हणून प्राचीन नोंदी म्हणजे भविष्याचे तयार पंचांग नव्हे. भाकीत पारखून घेण्याची ती कसोटी आहे.

या कसोटीत भर घालण्याचे काम मात्र तालुक्यातालुक्यांत चालू शकते. पर्जन्यमापकाची रोजची बिनचूक नोंद, विहिरींच्या पाणीपातळीची वही, शाळेतील विद्यार्थ्यांनी ठेवलेली तापमानाची टिपणे ही आज किरकोळ वाटतील. परंतु बर्फाचा थर जे हजारो वर्षे मुकाट्याने करीत आला, तेच कार्य ती पुढील पिढ्यांसाठी करतील. निसर्गाने आपले दप्तर चोख ठेवले आहे; माणसाने आपले तितकेच चोख ठेवावे, ही अपेक्षा वाजवीच म्हणावी लागेल.