पट्टी वाचता, मग ठराव का नाही?



ज्वारी मापताना आपण काट्यावरची नजर हलवत नाही, कापसाची पट्टी दोनदा वाचतो. मग आपलीच घरपट्टी घेणाऱ्या ग्रामपंचायतीचा ठराव न वाचता अंगठा का उठवायचा? २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने १० रुपयांच्या अर्जावर ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. ठरावाची नक्कल, कामाचे बिल मागा आणि कागद घेऊन ग्रामसभेत उभे राहा.

आणखी एक विचारा. बीडकडून आपल्या सोलापूर जिल्ह्यात ऊसतोडीला येणाऱ्यांच्या पाण्याची, पोरांच्या शाळेची सोय काय केली? त्यांचे मत इथे नाही, म्हणून ग्रामसभेत त्यांचे कुणी बोलत नाही. दुष्काळात आपलीही माणसे पोटासाठी परगावी जातात. हिशेब मागाल तेव्हा त्यांच्या वाटचाही मागा.