ओढ्याचं बियाणं राखा
(नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या बैठकीतील भाषण)



आज शेतीमालाच्या भावावर बोलायचं नाही, ओढ्यावर बोलायचं आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. त्या उन्हाळ्यापासून आपण सगळे ओढ्याकडे एकाच नजरेने बघतो : पाणी किती अडलं आणि किती मुरलं? ते चूक नाही. तहानलेल्याने पाणीच मोजायचं. पण मोजता मोजता आमच्या हातून एक चूक झाली, ती आधी कबूल करतो.

2014 साली जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं. त्या काळात मांजरेला मिळणाऱ्या एका नाल्याचं खोलीकरण आम्ही स्वतः उभं राहून करून घेतलं. पोकलेनने तळ एकसारखा केला, वळणं सरळ केली, काठचे उंबर, करंज, जांभूळ काढून टाकले. पाणी साठलं, विहिरींना फरक पडला. आम्ही खूश. तिसऱ्या वर्षी पाण्यावर हिरवी साय धरली, वास सुटला, डास वाढले, जनावरं तोंड लावेनात. गावातले एक म्हातारे भोई म्हणाले, "साहेब, नाल्याचं पाणी वाढलं, पण नाल्यातलं बिऱ्हाड उठलं."

आम्ही शेतीची पदवी घेतलेले. पण हे बिऱ्हाड कोणाचं, ते तेव्हा नव्याने शिकावं लागलं.

ओढ्याची चूल काठच्या झाडावर पेटते. पान पाण्यात पडतं, त्यावर बुरशी चढते. वाळली कुट्टी भिजवली की जनावर आवडीने खातं, तसं ते नरम पान पाणकिडे आणि खेकडे कुरतडतात. त्यांचा चुरा खाली वाहत जातो, त्यावर पुढचे जीव जगतात. झाड गेलं की सावली जाते आणि चूलही विझते. शेतातून वाहून आलेला युरिया आणि वरून ऊन, मग शेवाळाचंच राज्य.

शेवाळाला आवर घालणारेही असतात. आपल्याकडे दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा मल्ल्या मासा आहे. 1839 साली सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची नोंद केली, तेव्हा त्याचं शास्त्रीय नावही आपल्या मल्ल्यावरूनच ठेवलं.

आता अमेरिकेतलं एक उदाहरण ऐका. ओक्लाहोमा राज्यात ब्रायर क्रीक नावाचा ओढा आहे. आपल्या ओढ्यांसारखाच पाणी उतरलं की डोहाडोहांत तुटतो. 1980 च्या दशकात मेरी पॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की काही डोह शेवाळाने हिरवे, काहींचे दगड लख्ख. हिरव्या डोहांत बास नावाचा शिकारी मासा होता. लख्ख डोहांत शेवाळ खाणाऱ्या बारक्या माशांचे थवे. त्यांनी एका हिरव्या डोहातून शिकारी काढला, मधोमध जाळी लावली आणि एकाच अंगाला बारके मासे सोडले. काही आठवड्यांत त्या अंगाचं शेवाळ उतरलं, दुसऱ्या अंगाचं वाढलं. पाणी तेच, ऊन तेच! कोण कोणाला खातो आणि कोण कोणाला भितो, यावर पाण्याचा रंग ठरला.

तिसरा भाडेकरू शिंपला. तो वाळूत रुतून बसतो, पाणी गाळून त्यातले बारीक कण खातो. त्याची पिल्लं आधी माशाच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, मग वाळूत उतरतात. वाळू उपसली तर शिंपल्याचं घर गेलं. मासा गेला तर वंश गेला; जुने शिंपले काही वर्षं दिसतात, पण मागे लेकरू नाही.

आणि बेडूक? तो पाण्यात वाढतो, आपल्या सोयाबीनमध्ये येऊन किडे खातो. 1987 साली सरकारने बेडकाच्या तंगड्यांची निर्यात बंद केली, त्यात हाही विचार होता. चतुराची पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्या खातात. हे सगळे फुकटचे गडी आपण मशीन लावून घालवले.

कोणी म्हणेल, माणसाला पाणी मिळेना आणि तुम्हाला माशांचं पडलंय. भावांनो, खोलीकरणाला आमचा विरोध नाही. पण शेतकरी दुष्काळात सगळं विकतो, बियाणं मात्र राखतो. उन्हाळ्यात ओढा आटतो तेव्हा मासे, शिंपले, किडे डोहात तग धरतात आणि पहिल्या पुरासोबत पुन्हा ओढाभर पसरतात. डोह हे ओढ्याचं बियाणं आहे. आम्ही बियाणंच दळून खाल्लं.

म्हणून आपापल्या ग्रामसभेत चार गोष्टींचा ठराव घ्या. नैसर्गिक डोहाला मशीन लावायचं नाही. काम एकाच काठावरून करायचं, दुसऱ्या काठाची झाडं शाबूत ठेवायची. डोहाच्या वरची आणि खालची वाळू उचलू द्यायची नाही. फवारणीचा पंप ओढ्यात धुवायचा नाही.

यातल्या एकाही गोष्टीला सरकारचं अनुदान लागत नाही. आमच्या त्या नाल्यावर आम्ही पुन्हा करंज आणि उंबर लावले आहेत. सावली पडायला वर्षं लागतील. तुमच्या ओढ्याचा डोह अजून शाबूत असेल, तर तो आजच वाचवा.